एड्स, महापालिका आणि महापालिका नसलेला जिल्हा

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि महापालिका एकही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पंचवीस लाखांच्या वर, त्यातले पाचातले चार जण खेड्यात. उरलेले नगरपरिषदांच्या हद्दीत, आणि त्यातही जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा खामगाव मोठं. त्यामुळे ‘एड्सच्या बाबतीत शहराच्या कारभाऱ्यांनी काय केलं?’ हा प्रश्न इथे बसून विचारला, की उत्तर ठरलेलं असतं: ते सिव्हिलचं, म्हणजे जिल्हा रुग्णालयाचं, काम आहे.

आणि ते खोटं नाही. तपासणी आणि समुपदेशनाचं केंद्र सिव्हिलमध्ये, एआरटी, म्हणजे विषाणूविरोधी औषधांचं, केंद्र सिव्हिलमध्ये, जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाचा कारभारही तिथूनच. त्याच्या वर मुंबईत बसलेली राज्य एड्स नियंत्रण संस्था आणि तिच्याही वर दिल्लीत नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना. या उतरंडीत नगराध्यक्ष, मुख्याधिकारी किंवा आरोग्य सभापती यांना कुठेच पायरी नाही. १ डिसेंबरला शाळकरी मुलांच्या रॅलीला हिरवा झेंडा दाखवायला त्यांना बोलावतात, तेवढंच.

महाराष्ट्रात याला अपवाद एकच शहर आहे. मुंबईला राज्यापासून वेगळी, स्वतःची एड्स नियंत्रण संस्था आहे, आणि ती महापालिकेच्या छत्राखाली चालते. तिथे जे झालं आणि जे झालं नाही, त्याचा हिशेब आपल्यालाही मांडावा लागतो, कारण मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आमची स्टेशनं मुंबई–हावडा मार्गावर आहेत आणि पोटासाठी रेल्वेत बसलेला माणूस परत येतोच.

भारतात एड्सच्या विषाणूची पहिली नोंद झाली १९८६ मध्ये, चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेतून. त्याच सुमारास मुंबईत जे.जे. रुग्णालयात डॉ. ईश्वर गिलाडा यांनी एड्ससाठी वेगळा दवाखाना सुरू केला. सरकारी यंत्रणेची तेव्हाची धारणा सरळ होती: हा परदेशी रोग आहे, आपल्याकडे आला तर वाईट चालीच्या लोकांपुरता राहील, आणि त्यांना शोधून वेगळं ठेवलं की झालं. या धारणेचं टोक शेजारच्या गोव्यात दिसलं. रक्तदानानंतरच्या तपासणीत बाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी उचललं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. त्याने गुन्हा काही केला नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद करून ठेवली होती. त्याची सुटका झाली, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद काही मोडीत काढली नाही. १९९२ मध्ये डॉमिनिक गेला. जाण्याआधी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली होती.

ही डांबण्याची बुद्धी काही गोव्यात उपजली नव्हती. मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय वडाळ्याला ॲकवर्थ संकुलात आहे. हे संकुल मुळात महारोग्यांसाठीचं. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी रस्त्यावरच्या महारोग्यांना एकत्र आणून ठेवण्यासाठी ते उभारलं.   ज्या आवारात शहराने एका रोगाला भिंतीआड ठेवलं, त्याच आवारातून शंभर वर्षांनी दुसऱ्या रोगाचं काम भिंतीशिवाय करायचं ठरलं. हा बदल कुण्या एका आयुक्ताच्या पुण्याईने झाला नाही. तो न्यायालयांतून, रुग्णालयांतून आणि गल्ल्यांतून, ओढत ओढत झाला.

न्यायालयातला टप्पा १९९७ चा. एका सार्वजनिक कंपनीने रोजंदारीवरच्या कामगाराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कायम नोकरी नाकारली. तो उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने त्याला नाव झाकून लढू दिलं. निकालाच्या पुस्तकांत तो ‘एमएक्स’ म्हणून आहे आणि कंपनी ‘झेडवाय’ म्हणून. निकाल असा की माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यामुळे इतरांना धोका नसेल, तर निव्वळ विषाणूपायी त्याची रोजी काढून घेता येणार नाही. देशाच्या कायद्यात ही गोष्ट यायला पुढे वीस वर्षं गेली. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो १० सप्टेंबर २०१८ ला.

रुग्णालयांच्या बाबतीत मुंबई महापालिका देशातल्या बहुतेक पालिकांपेक्षा वेगळी आहे, आणि या सगळ्या चर्चेची मेख तिथे आहे. केईएम, सायन, नायर ही नुसती रुग्णालयं नाहीत, त्यांना जोडून महापालिकेची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शिवाय प्रसूतिगृहं आहेत, वॉर्डावॉर्डांतले दवाखाने आहेत, चिंचपोकळीचं साथरोगांचं कस्तुरबा आहे, शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आहे. १८९६ च्या प्लेगने या शहराला शिकवलं की रोगाची जबाबदारी टाळली तर शहरच रिकामं होतं. तेव्हा एड्स आला त्या वेळी मुंबईकडे डॉक्टर होते, खाटा होत्या, पगारपत्रक होतं आणि मुख्य म्हणजे कर लावण्याचा अधिकार होता. १९९८ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची दुसरी फेरी येऊ घातली असताना राज्यांना स्वायत्त संस्था काढायला सांगितलं गेलं, तेव्हा राज्याच्या संस्थेबरोबरच मुंबईची वेगळी संस्था निघाली, ती या जोरावर. पैसा नॅकोचा, पण घर, माणसं आणि रुग्णालयं पालिकेची.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण या विषयावर सगळीकडे दिलं जातं. तिथल्या शहराच्या रुग्णालयात १९८३ मध्ये एड्सच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष उघडला, परिचारिकांच्या पुढाकाराने, आणि रुग्णाला हात लावणं, जवळ बसणं हा उपचाराचाच भाग मानला गेला. पण तिथेही त्या आधी रोगाने होरपळलेला समाज संघटित झाला होता, मतदान करत होता, नगरसेवक निवडून आणत होता. कामाठीपुऱ्यातल्या बाईकडे शिधापत्रिकासुद्धा नव्हती.

आणि तरीही मुंबईतलं खरं काम त्याच बाईने केलं. १९९० च्या दशकात मुंबईतल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये बाधितांचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं होतं. त्या काळात दोन विचार एकाच वेळी राबत होते. एक विचार धाडीचा: छापे घाला, मुली उचला, तपासणी करा, सुधारगृहात पाठवा. दुसरा विचार महापालिकेच्या ‘आशा’ प्रकल्पाचा. त्यात गल्लीतल्याच बायकांना हाताशी धरलं आणि त्यांनी आपल्यासारख्याच दुसऱ्या बायकांना निरोध कसा वापरायचा, गिऱ्हाईक नको म्हणालं तर काय म्हणायचं, जखम किंवा पांढरं जात असेल तर दवाखान्यात कधी जायचं, हे सांगायचं. कार्यक्रमाच्या भाषेत यांना आज ‘पीअर’ म्हणतात. हे काम हळू चालतं आणि छायाचित्रात चांगलं दिसत नाही. धाडीचं छायाचित्र चांगलं येतं. पण धाड पडली की बायका पांगतात, भिवंडीला जातात, तुर्भ्याला जातात, लॉजवर जातात, आणि जिने महिनाभर खपून विश्वास कमावला त्या पीअरची यादी एका रात्रीत रद्दी होते. हे दोन्ही विचार राबवणारं सरकार मात्र एकच होतं. माझ्या मते मुंबईच्या प्रयत्नातली सगळ्यात मोठी गळती इथेच झाली, पैशांत नाही.

समलैंगिक पुरुषांच्या बाबतीत पालिकेने केलेली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अशोक रावकवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन केला. त्यांना वाकोल्याच्या महापालिका इमारतीत जागा मिळाली. कलम ३७७ तेव्हा पूर्ण जोरात होतं, म्हणजे पोलिसांच्या लेखी गुन्हेगार असलेल्यांना पालिकेने छप्पर दिलं होतं. मोठी योजना नव्हती, ठरावाची जाहिरात नव्हती. एक जुनी इमारत, आणि तिथे लोक येऊन बसू शकत होते, बोलू शकत होते, रक्त तपासून घेऊ शकत होते.

औषधांची गोष्ट मात्र शहराच्या हातात नव्हती, जरी ते औषध करणारी कंपनी याच शहरातली होती. सिप्लाचं मुख्य कार्यालय तेव्हा मुंबई सेंट्रलला होतं, कामाठीपुऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. फेब्रुवारी २००१ मध्ये डॉ. युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्या एका घोषणेने आफ्रिकेतल्या उपचारांचं गणित बदललं. आपल्या देशात सरकारी मोफत एआरटी सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडला. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचं जे.जे. होतं, आणि जे.जे. पालिकेचं नाही, राज्याचं आहे. विदर्भातला, मराठवाड्यातला माणूस गाडी पकडून तिथे येत होता, कारण त्याच्या जवळपास दुसरं केंद्रच नव्हतं. त्या मधल्या तीन वर्षांत ज्यांना ऐपत होती ते विकत घेऊन जगले. बाकीचे गेले, आणि त्यांच्या मृत्यूचं कारण गावोगावच्या नोंदवहीत ताप, हगवण किंवा टीबी असं लागलं.

पुण्यातल्या एका अभ्यासाकडे जिल्ह्यांनी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी केली. यातल्या ज्या बायका वेश्याव्यवसायात नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेक जणींचा शरीरसंबंध फक्त नवऱ्याशी होता. (करोनाच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर शांतपणे आकडे सांगणारे गंगाखेडकर हेच.) तोपर्यंतची सगळी आखणी ‘जोखमीचे गट’ या कल्पनेवर होती. बायको त्या यादीत बसत नव्हती, म्हणून ती कुणाच्याच यादीत नव्हती. मेहकर–लोणारकडच्या गावात सून आधी विधवा होते, मग तिच्यावरच नवऱ्याला खाल्ल्याचा ठपका येतो, मग तिची तपासणी होते. हा उलटा क्रम शहराच्या आराखड्यात दिसत नाही, कारण शहराने पाहिला तो नवरा. बायको गावात होती.

पुढे २००७ मध्ये एक चांगली बातमी आली आणि तिचे परिणाम सगळेच चांगले झाले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या नमुन्यांमुळे देशातल्या बाधितांचा अंदाज सुमारे ५२ लाखांवरून २५ लाखांवर आला. रोग घटला नव्हता, मोजणी सुधारली होती. पण ‘एड्सचा बागुलबुवा’ अशा मथळ्यांना निमित्त मिळालं. नवीन लागण खरोखर कमी होत होती, उपचार वाढत होते, आणि याच सुमारास वर्तमानपत्रांतून विषय गेला तो गेलाच. आज देशात २५ लाखांच्या आसपास बाधित आहेत आणि त्यातले सर्वाधिक, सुमारे चार लाख, महाराष्ट्रात. मरण लांबलं म्हणून ही संख्या टिकून आहे. म्हणजे आता प्रश्न साथीचा कमी आणि चाळीस वर्षं रोज एक गोळी खाण्याचा जास्त.

रोजच्या त्या गोळीसाठी शहर नव्हे, जिल्हा लागतो. जिल्हा रुग्णालयांतल्या एआरटी केंद्रांचा दिवस कसा असतो ते पाहण्यासारखं आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने आलेले लोक आधी इतर ओपीडीच्या रांगेत मिसळून उभे राहतात, मग कुणी ओळखीचं नाही असं पाहून त्या दाराकडे वळतात. पिशवीत खाली हिरवं पुस्तक असतं, त्यात वजन, तारीख, किती गोळ्या दिल्या आणि किती उरल्या याची नोंद. समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतात. डबीत तीस गोळ्या येतात. बायका दाराबाहेर आल्या की डबीवरचा कागद नखाने खरवडून काढतात, काही जणी डबीत कापूस कोंबतात, म्हणजे घरी ती वाजत नाही. करोनानंतर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला लागले, हा बदल फार मोलाचा ठरला. एक फेरी वाचली म्हणजे एक दिवसाची मजुरी वाचली आणि एक खोटं कारण सांगायचं वाचलं.

एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितही आहेत. कागदावर ही मोठी सोय आहे. पण सवलत घ्यायची म्हणजे कंडक्टरला कार्ड दाखवायचं, आणि जळगाव जामोदच्या गाडीतला कंडक्टर शेजारच्या गावचा असू शकतो. मग माणूस पूर्ण तिकीट काढतो. संजय गांधी निराधार योजनेतही एड्सग्रस्त पात्र आहेत, महिन्याला १५०० रुपये. अर्ज मात्र तलाठी, तहसील असा फिरतो. २०१७ चा कायदा गोपनीयतेची हमी देतो आणि आपल्या योजना ती हमी खिडकीवरच मोडायला लावतात. म्हणून कित्येक जण आपल्या जिल्ह्याचं केंद्र सोडून मुद्दाम अकोल्याला किंवा जळगावला नाव लावतात. मुंबईत हे झाकणं सोपं असतं, तिथे गर्दीच आडोसा होते.

जिल्ह्यात आडोसा नाही, हे २०२५ च्या जानेवारीत सगळ्या देशाने वेगळ्या निमित्ताने पाहिलं. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळायला लागले. आयसीएमआरचं पथक आलं, पाणी तपासलं, रक्त तपासलं, गहू तपासला, वाहिन्यांच्या गाड्या आल्या. आणि त्याबरोबर सोयरिकी अडल्याच्या, न्हाव्याने नकार दिल्याच्या बातम्याही आल्या. केस पुन्हा उगवतात, त्या गावांत उगवायलाही लागले. पण टकलाशी जी वागणूक झाली ती पाहून, त्याच गावांत एखादा बाधित असेल तर त्याने काय धडा घेतला असेल ते सांगायला नको.

तरीही इथे काही झालंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मलकापूर–नांदुरा–खामगाव हा जुना सहा नंबरचा हायवे. आज त्याचा नंबर ५३ आहे, पण लोक अजून सहाच म्हणतात. देशभर अशा हायवेंवर ट्रकवाल्यांसाठी दवाखाने, ढाब्यांवर निरोध, पथनाट्यं हे सगळं दोन हजारच्या दशकात उभं राहिलं, गेट्स प्रतिष्ठानच्या ‘आवाहन’ उपक्रमातून आणि नॅकोच्या प्रकल्पांतून. पैसा आटला तसं ते आक्रसत गेलं. दरम्यान समृद्धी महामार्ग आला. तो आमच्या मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो, आणि त्याच्या कडेला पूर्वीसारखे ढाबे नाहीत. ट्रक थांबायची ठिकाणं बदलली की कामाच्या जागाही बदलायला हव्यात, पण प्रकल्पाच्या फाइलीत जुनाच हायवे असतो.

कर्मचाऱ्यांचंही तसंच. समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांतले बरेच जण वीस-वीस वर्षं कंत्राटावर आहेत. रुग्णाला नाव घेऊन ओळखणारी, सासूला काय सांगायचं ते सुचवणारी व्यक्ती हीच असते. तिचं कंत्राट दर वर्षी नव्याने सही होतं. पुरवठ्याचा भरवसा वरच्या टोकालाही नाही: २०२२ च्या जुलैत औषधांच्या टंचाईवरून बाधित लोक दिल्लीत नॅकोच्या दारात कित्येक दिवस धरणं धरून बसले होते.

सांगलीने तिसरीच वाट दाखवली. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने तिथे काम सुरू केलं आणि १९९६ मध्ये त्यातूनच ‘व्हॅम्प’, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. निरोध वाटण्याचं काम बायकांनी स्वतः हातात घेतलं आणि पोलिसांशी, गुंडांशी, दवाखान्यातल्या उर्मट माणसाशी बोलायचंही. सांगली–मिरज–कुपवाड महापालिकाच मुळी १९९८ ची. म्हणजे तिथे महापालिका येण्याआधी बायका संघटित झाल्या होत्या. पोरक्या मुलांच्या बाबतीतही सरकारच्या आधी माणसं उभी राहिली: नगरला ‘स्नेहालय’, पंढरपूरला मंगल शहा यांची ‘पालवी’, लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांचं ‘सेवालय’, बीडकडे बारगजे दांपत्याचं ‘इन्फंट इंडिया’. यातल्या काहींना सुरुवातीला गावाने विरोध केला, मुलांना शाळेत बसू देण्यावरून वाद झाले. ती मुलं आता विशी-पंचविशीत आहेत. रोज गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतका उरला नाही, तर जोडीदाराला लागण होत नाही, हे विज्ञानाने पक्कं सांगितलं आहे. बाधित मुला-मुलींचे वधूवर मेळावेही महाराष्ट्रात होतात.

या लग्नांची नोंद होते कुठे? शहरात नगरपरिषदेत, गावात ग्रामपंचायतीत. जन्माची नोंद तिथेच, मरणाचीही तिथेच. म्हणजे ज्या नगरपरिषदेला एड्सशी आपला संबंध नाही असं वाटतं, तिच्या तीन नोंदवह्यांत हा रोग तीस वर्षांपासून येऊन गेलेला आहे. नाली साफ करणाऱ्या, घंटागाडीवरच्या तिच्याच कामगारांना सुया टोचतात. सुई टोचल्यावर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करावं लागतं, हे त्यांच्या मुकादमाला माहीत असायला हवं. बुलढाण्याच्या किंवा खामगावच्या नगरपरिषदेकडून केईएमची अपेक्षा कुणी करणार नाही. अंदाजपत्रकात एक छोटं लेखाशीर्ष, मुकादमांना एक दुपार प्रशिक्षण, आणि बाजारापासून जरा बाजूला, पाटीवर काहीच न लिहिलेली एक खोली, जिथे जिल्ह्यातले बाधित महिन्यातून एकदा भेटू शकतील, एवढं तिच्या आवाक्यात आहे. वाकोल्यात मुंबई पालिकेने दिली ती जागाच होती, आणि तेव्हा तर कायदाही विरोधात होता. आमच्याकडे आज कायदा बाजूने आहे, पण ठराव कुणी मांडलेला नाही.